विसण

माझी डावी किडनी माझ्या दादाच्या पोटात आहे. हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते, कारण नंतर कळलं तर लोक डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे बघायला लागतात, आणि मला ते अजिबात सहन होत नाही. सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून काढलेली बाई आहे मी. सुट्टे नाहीत म्हणणाऱ्यांना आणि दारात लोंबकळणाऱ्यांना सरळ करण्यात माझं आयुष्य गेलं. दादाला किडनी हवी होती, माझी जुळली, दिली. विषय संपला.

खरं तर संपला नव्हता. दादाला साधी शिंक आली तरी माझा हात आपोआप माझ्या कमरेवरच्या व्रणाकडे जायचा.

किडनी माझी असली तरी तिची राखण करायची वहिनी. दादा जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधांची भांडणं ऐकून ऐकून असेल, स्वतः तोंडातून शब्द काढायला त्याच्या जिवावर यायचं. वहिनीनं बालवाडी चालवलेली. तिच्या एका आवाजात वर्गभर चिल्लीपिल्ली चिडीचूप व्हायची, आणि घरी आम्हीही. ऑपरेशन झाल्यापासून दादाच्या तोंडात जाणारा प्रत्येक घास आणि प्रत्येक घोट तिच्या हातून जायचा. गोळीची वेळ पाच मिनिटं टळली तरी तिचा चेहरा उतरायचा. मी तिला जेलरबाई म्हणायचे. तिला ते आवडायचं, पण तसं ती दाखवायची नाही.

ऑपरेशनला काही वर्षं झाल्यावर एकदा दादानं कधी नव्हे ते तोंड उघडलं. जेवताना म्हणाला, "मला खारूचं घर बघायचंय."

खारू म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. लहानपणी गालात शेंगदाणे भरून हिंडायची, म्हणून खारू. आमच्या थंड हवेच्या गावापासून पार दूर, समुद्राकाठच्या एका बारमाही उकाड्याच्या बंदरात ती जहाजांच्या गोदीत वेल्डिंग तपासायची. तिथल्याच एका बोटीवरच्या माणसाशी तिनं लग्न केलं. वहिनीला ते पसंत नव्हतं. लग्नाला ती गेली नाही, दादालाही जाऊ दिलं नाही. गेले मी एकटी. त्यानंतर मायलेकी फोनवर बोलायच्या, पण ते बोलणं म्हणजे गोळ्या घेतल्या का, हो घेतल्या, एवढंच.

वहिनी बराच वेळ भात कालवत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर जाऊ."

तिला वाटलं असणार, ते नाहीच म्हणतील. डॉक्टर हो म्हणाले, पण समोर बसवून चांगलं बजावलं. दादाच्या गोळ्या परक्या किडनीला शरीरात नांदू देतात, पण त्यापायी शरीराची राखण ढिली पडते. उकाड्याच्या गावात पाण्यातून, उघड्यावरच्या अन्नातून जे पोटात जातं, त्यानं तुम्ही-आम्ही दोन दिवस आडवे होऊ आणि उठू. याचं तसं नाही. याच्या अंगातलं पाणी गेलं की किडनी गेलीच म्हणून समजा. "आणि दुसरी बहीण नाहीये तुम्हाला," असं डॉक्टर म्हणाले, माझ्याकडे बघून.

झालं. वहिनीनं पदर खोचला. पाणी खळखळ उकळलेलंच प्यायचं. दातसुद्धा त्याच पाण्यानं घासायचे. बर्फाकडे बघायचंही नाही. कच्चं काही खायचं नाही. फळ खायचं तर स्वतः सोलून, चिरून ठेवलेलं नको. जेवण वाफा निघत असतील तरच, कोमट झालं की उठायचं. विजेची किटली तिनं पिशवीत सगळ्यात वर ठेवली, तिच्याखाली विजेची शेगडी आणि डाळ-तांदूळ. मी म्हटलं, "वहिनी, तिथली हवा पण उकळूनच घ्यायची का?"

"थट्टा राहू द्या, वन्सं. उकळता आली असती तर घेतली असती."

खारूचा आग्रह होता तिच्याकडेच उतरायचा. वहिनीनं ऐकलं नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावर तिचा भरवसा नव्हता, आणि लेकीचं घर तिच्या लेखी अजून दुसऱ्याचंच होतं. आम्ही बंदराजवळच्या एका लॉजमध्ये उतरलो. एकच मोठी खोली, तीन पलंग, कुरकुरणारा पंखा, कोपऱ्यात बेसिन आणि त्याला लागूनच किटली ठेवायला फळी. उकाडा असा की अंग पुसून टॉवेल खाली ठेवेपर्यंत पाठ पुन्हा ओली. वहिनी बसच्या प्रवासात डोळ्याला डोळा न लावता आलेली. तरी तिनं आधी किटली लावली आणि मगच चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खारूकडे गेलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. नवरा बोटीवर गेलेला. खारूनं दार उघडलं तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. नंतर कळलं, आम्ही येणार म्हणून तिनं ताटंवाट्यासुद्धा उकळत्या पाण्यातून काढल्या होत्या. भात आणि वरण गॅसवरून थेट ताटात. बटाटे आम्ही बसल्यावर आमच्यासमोर तळले. नंतर सालासकट केळी पुढे ठेवली, ज्याचं त्यानं सोलायचं. एवढं करूनही पोरगी आईच्या चेहऱ्याकडे परीक्षेला बसल्यासारखी बघत होती.

वहिनीनं वरणाच्या वाटीवर हात धरून वाफ लागते का पाहिलं. "बरं आहे," म्हणाली. खारूला तेवढ्यानंही हसू आलं. दादा तर भिंतीवरच्या घड्याळापासून बाल्कनीतल्या फडक्यापर्यंत सगळं बघत हिंडला, जणू मोजणीच करायची होती. निघताना तो खारूच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला, आणि काढायचं विसरला. त्याला इतकं आनंदात मी ऑपरेशननंतर पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या पोटात कळ आली.

पुढचं फार सांगत नाही. जुलाब, उलट्या, ताप. त्याची जीभ लाकडासारखी सुकली, शुद्ध हरपत चालली. खारूनं गोदीची गाडी आणून आम्हाला तिथल्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण हाताला वळण होतं. तिनं सलाईन लावलं, रक्त काढलं, आणि मग विचारायला सुरुवात केली. बर्फ? कच्चं? रस्त्यावरचं काही? नळाचं पाणी?

वहिनीनं ताठ मानेनं उत्तरं दिली. नाही. नाही. नाही. पाणी फक्त उकळलेलं, मी स्वतःच्या हातानं उकळलेलं. "बाहेर एकाच ठिकाणी जेवलो," ती म्हणाली, आणि मागं वळून लेकीकडे बघितलं.

खारूचा चेहरा पांढरा पडला.

"आई, मी सगळं…"

"मी म्हटलं होतं यायला नको. तुझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, तिथंच चुकलं माझं." वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. "आता बाहेर बस. त्यांच्याजवळ येऊ नकोस."

खारू बाहेर जाऊन बाकावर बसली. मला वहिनीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, हे मी लपवत नाही. पण मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं ना काही. मनात कुठंतरी मीही त्या बटाट्यांचा विचार करत होते. पोरगी रोज कामावरून सुटली की यायची, बाकावर बसायची, मला बाहेर बोलावून विचारायची, आणि जायची. एकदा म्हणाली, "आत्या, मी पळीसुद्धा उकळली होती गं." मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार?

रक्ताचे आकडे वाईट यायला लागले. किडनी रुसली होती. डॉक्टरीणबाईनं एकदा स्पष्टच सांगितलं की दोन-तीन दिवसांत ती वळणावर आली नाही तर डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागेल, आणि मग ती परत येईल याचा भरवसा नाही. मी व्हरांड्यात जाऊन कमरेवर हात दाबून उभी राहिले. देऊन टाकलेली वस्तू, पण रडू मला त्या वस्तूसाठी आलं की दादासाठी, ते नाही सांगता यायचं.

मशीन टळलं. दादा शुद्धीवर आला, पाण्याचा घोट पोटात ठरायला लागला, आणि एका सकाळी डॉक्टरीणबाई आकडे बघून पहिल्यांदा जरा सैल बसली. त्याच्या दुसऱ्या सकाळी लॉजच्या खोलीत माझा घसा धरला होता. वहिनी हॉस्पिटलात जायच्या तयारीत होती.

"थांबा, वन्सं, तुम्हाला कोमट पाणी देते. बरं वाटेल."

तिनं किटली लावली. पाणी खळखळ उकळू दिलं, चांगलं उकळू दिलं, त्यात तिची कसूर नव्हती. पेल्यात ओतलं. मग पेला तसाच डावीकडे नेला, बेसिनचा नळ सोडला, दोन घोटांएवढं विसण घातलं, करंगळी बुडवून पाहिली आणि माझ्या हातात दिला.

विसण काय, कुणीही घालतं. कढत पाण्यात गार पाणी घालून सोसेल असं करायचं, अंघोळीचं असो की प्यायचं. घरी दादाच्या सकाळच्या गोळ्यांना कोमटच पाणी लागतं, गारानं त्याला मळमळतं. घरी वहिनीच्या डाव्या हाताशी झाकलेलं पातेलं असतं, आदल्या रात्री उकळून गार केलेलं. वर्षानुवर्षं तिचा हात डावीकडे जातो, आणि तिथं उकळलेलंच पाणी असतं. इथं तिच्या डाव्या हाताशी नळ होता.

मी पेला हातात धरून बसले.

"प्या ना. गार होईल."

"नंतर पिते," मी म्हटलं. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. केस विंचरलेले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला झापायची संधी समोर असून माझी जीभ उचलली गेली नाही. ती अंघोळीला गेल्यावर मी पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि तिच्या आधी हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरीणबाईला सगळं सांगितलं. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. "जे सापडलंय ते पाण्यातून येतं, जेवणातूनही येतं. खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. पण रोज सकाळी नळाचं पाणी असेल, तर मी तरी दुसरीकडे शोधायला जाणार नाही. उपचार तेच राहतील. मात्र त्यांना सांगा. नाहीतर उद्या इथंही तेच होईल."

"किडनी?"

"चालतेय. पण पहिल्याइतकी नाही चालणार. थोडी गेली ती गेली."

थोडी गेली ती गेली. हे वाक्य डोक्यात घेऊनच मी दादाच्या पलंगाशी गेले. तो जागा होता. मी म्हटलं, "दादा, वहिनी तुझ्या गोळ्यांच्या पाण्यात नळाचं विसण घालत होती."

मला वाटलं होतं तो दचकेल. तो दचकला नाही. त्यानं नुसती मान बाजूला वळवली.

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"तुला माहीत होतं."

"दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून दिसलं," तो हळूच म्हणाला.

"आणि प्यायलास?"

"ती प्रवासभर जागी होती. त्या दिवशी खारूकडे जायचं होतं. मी बोललो असतो तर तिचा धीर खचला असता. आपल्याच हातून असं झालं म्हटल्यावर तिनं तिथूनच परतीची बस धरली असती. मला खारूचं घर बघायचं होतं गं. म्हटलं, दोन घोटांनी काय होतंय."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"एकदा गप्प बसलो. मग दुसऱ्या खेपेला कुठल्या तोंडानं बोलणार?"

"दादा," मी म्हटलं, आणि माझा आवाज अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेला असणार, "ती किडनी मी तुला बायकोची भीड जपायला दिली नव्हती!"

त्यानं डोळे मिटून घेतले. मला त्याची दया आली नाही. "आणि पोरीला बोल लागत होते तेव्हा?"

"तेव्हा मी शुद्धीत कुठं होतो?"

"काल होतास. परवा होतास. ती बाहेर बाकावर बसते, हे तुला ठाऊक आहे."

त्यानं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. जन्मभर हेच. कुणाचं मन दुखायला नको म्हणून गप्प, आणि त्याच्या गप्प बसण्याचा भार उचलायचा दुसऱ्यांनी. मी खुर्ची ओढून बसले. "वहिनी आली की तू सांगायचंस. नाहीतर मी सांगेन, आणि मी कशी सांगते ते तुला माहीत आहे."

वहिनी आली ती हातात धुतलेले कपडे घेऊन. मागोमाग खारूही आली होती, सुट्टी होती तिला, पण ती नेहमीसारखी दाराबाहेर बाकावरच थांबली. दादानं वहिनीला बसायला सांगितलं. आणि सांगितलं. त्याला जमलं तेवढ्या थोड्या शब्दांत, छताकडे बघत.

मी वहिनीकडे बघत होते. ती कोसळेल, असं मला वाटत होतं. निदान "शक्यच नाही" तरी म्हणेल. तिनं फक्त आपला डावा हात वर केला आणि त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलत होते, मनातल्या मनात ती सकाळ पुन्हा करून बघत असावी. मग हात मांडीवर ठेवला.

"कधी बघितलंत?"

"दुसऱ्या दिवशी."

"आणि तिसऱ्या दिवशी मी पेला दिला तो प्यायलात."

"हो."

"मी चुकतेय हे दिसत असताना."

दादानं डोळ्यांनीच हो म्हटलं.

"मी काय इतकी वाईट आहे हो?" तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "माझी चूक मला सांगायची सोय नसावी, इतकी? 'अगं, नळ आहे तो' एवढंच म्हणायचं होतं. मी रडले असते, परत जाऊ म्हणाले असते. तुम्ही नाही म्हटलं असतंत. पण पेला ओतून तर दिला असता. तुम्ही माझं मन राखलंत. ते राखलेलं मन घेऊन मी आता काय करू?"

मी भांडायला आले होते. माझी किडनी, माझा हक्क, सगळं तोंडाशी तयार होतं. ते तसंच गिळलं. माझ्यापेक्षा तिचं जास्त गेलं होतं. आणि जेलरबाई म्हणून हसणाऱ्या आम्ही सगळ्यांनीच तिला चुकायची मुभा ठेवली नव्हती, हेही मला तिथं बसल्या बसल्या पहिल्यांदा कळलं. दादाच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. तिनं पदरानं ते टिपलं, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

मग ती उठली आणि बाहेर गेली. मी दारापर्यंत गेले. ती बाकावर खारूच्या शेजारी बसली. दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती.

"तुझ्या जेवणात काही नव्हतं," वहिनी म्हणाली. "पाणी माझ्याच हातून गेलं. नळाचं. रोज."

खारू घाईघाईनं म्हणाली, "आई, जाऊ दे. मुद्दाम केलंस का तू? जाऊ दे."

"नाही जाऊ द्यायचं." वहिनीनं तिचं मनगट धरलं. "तू तरी बापासारखी करू नकोस. माझं चुकलं तर माझ्या तोंडावर सांगायचं. मला कुणीच सांगत नाही. तू सांग."

खारू खाली मान घालून बसली. समोरून एक ढकलगाडी खडखडत गेली.

"लग्नाला आली नाहीस," ती शेवटी म्हणाली. "ते चुकलं तुझं. बाबांना येऊ दिलं नाहीस, ते त्याहून चुकलं. मी शेवटपर्यंत दाराकडे बघत होते."

वहिनीनं मान हलवली. मनगट सोडलं नाही.

"आणखी?" तिनं विचारलं.